सायनसचे ऑपरेशन : आधी सी.टी. स्कॅन का?

'एक्स-रे काढलाय, मग पुन्हा सी.टी. स्कॅनचा खर्च कशाला?' सायनसचे ऑपरेशन दुर्बिणीतून करायचे ठरले की बहुतेक रुग्ण मला हे विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण ही काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतील हवेच्या पोकळ्या. गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या पार मागे त्या असतात. पुस्तकातल्या चित्रासारख्या त्या क्वचितच सापडतात. काहींना कपाळातला सायनस मुळीच नसतो. त्याची कड माणसागणिक इतकी निराळी, की जुन्या एक्स-रेशी ताडून अनोळखी मृतदेहाचीही ओळख पटवता येते!

सगळे वेगळेपण धोक्याचे नसते. रिपोर्टमध्ये 'कोंका बुलोसा' वाचून काही जण घाबरतात. नाकातल्या एका हाडात हवेची पोकळी आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्रास नसेल तर तिला हातही लावू नये.

काही फरक मात्र सर्जनला आधीच माहीत हवेत. डोळा आणि सायनस यांच्यामधले हाड कागदासारखे पातळ असते. काहींच्या नाकात मागच्या बाजूला 'ओनोडी' नावाची जादा पोकळी असते आणि दृष्टीची नस तिला अगदी खेटून जाते. तिथे हत्यार चुकले तर दृष्टी जाऊ शकते. वर पाहावे, तर सायनसचे छत म्हणजेच मेंदूच्या खोलीची जमीन. वासाच्या नसांजवळ तिथे एक खळगा असतो. केरॉस या शरीररचनातज्ज्ञाने १९६२ साली त्याची खोली मोजली, ती १ ते १६ मिलिमीटर भरली. खळगा जितका खोल, तितकी त्याची नाजूक भिंत हत्याराच्या वाटेत येते. एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या बाजूंतही फरक असतो. साध्या एक्स-रेत या साऱ्या सावल्या एकमेकींवर पडतात. स्कॅनमध्ये थर सुटे दिसतात.

म्हणून प्रत्येक सर्दीला स्कॅन नको. औषधे पुरेशी घेऊनही गुण नसेल आणि ऑपरेशनचा विचार असेल, तेव्हाच तो काढावा. सर्जनकडे जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, फिल्मही न्या. पूर्वी नाकाचे ऑपरेशन झाले असल्यास आवर्जून सांगा. ऑपरेशननंतर डोळा सुजला, कमी दिसू लागले किंवा नाकातून पाण्यासारखे थेंब गळू लागले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.