दुबईत घर भाड्याने घेताय? आधी मालक पाहा, मग पैसे द्या

रत्नागिरी, रायगड, मुंब्रा, भिवंडी या भागांत असे घर विरळाच की ज्यातले कोणी ना कोणी आखातात नोकरीला नाही. मुलगा परदेशी निघतो तेव्हा घरचे लोक व्हिसा तपासतात, पगार विचारतात, एजंटाची चौकशी करतात. पण तिथे गेल्यावर राहायचे कुठे, हा प्रश्न बहुधा "कोणीतरी आपला माणूस बघेल" यावर सोडून दिला जातो. आणि नवख्याची पहिली मोठी रक्कम बुडते ती नेमकी याच ठिकाणी. आईचे दागिने गहाण ठेवून आणलेले पैसे एका खोलीपायी जातात आणि वर्षभराचा पगार कर्ज फेडण्यात संपतो.

कापडाच्या व्यापारानिमित्त प्रस्तुत लेखकाचा बर दुबईतील कापडबाजाराशी बऱ्याच वर्षांचा संबंध आहे. तिथल्या दुकानांत काम करणाऱ्या आपल्या मुलांकडून घराच्या फसवणुकीच्या हकिकती कानावर येतच असतात. म्हणून दुबईतील भाडेव्यवहार कसा चालतो आणि त्यात कोठे सावध राहावे, याची माहिती येथे देत आहोत.

मुंबईचा हिशेब तिथे चालत नाही

आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट आणि दरमहा भाडे अशी रीत आहे. जुन्या इमारतींत पागडीही चालते. दुबईत करार सहसा पूर्ण वर्षाचा असतो. वर्षाचे भाडे ठरते आणि ते एक, दोन, चार किंवा त्याहून अधिक पुढच्या तारखांच्या चेकने आधीच द्यावे लागते. चेक जितके कमी, तितके भाडे उतरवून मागता येते.

उदाहरणादाखल वर्षाला ४८ हजार दिरहम भाड्याची छोटी सदनिका घेऊ. चार चेक ठरले तर पहिला चेक १२ हजारांचा. अनामत रक्कम रिकाम्या घरासाठी साधारण ५ टक्के, म्हणजे २,४००. सामानासह घर असेल तर ती १० टक्के मागतात. दलाली बहुधा ५ टक्के, म्हणजे आणखी २,४००. वीज-पाणी खात्याची, म्हणजे देवाची, सदनिकेसाठीची अनामत २ हजार. कराराच्या नोंदणीचा खर्च सुमारे दोनशे. अशा रीतीने चावी हाती येईपर्यंत १९ हजार दिरहम लागतात. शिवाय वार्षिक भाड्याच्या ५ टक्के गृहशुल्क वीज-पाण्याच्या बिलातून दरमहा वसूल होते. आपल्या उदाहरणात ते महिन्याला २०० दिरहम पडेल. हा हिशेब घरूनच मांडून निघावे. अनामत आणि दलालीचे टक्के हे बाजाराचे रिवाज आहेत, कायदा नव्हे. तेव्हा त्यावर घासाघीस करण्यास हरकत नाही.

नवखा माणूसच का फसतो?

नव्याने आलेल्या माणसाजवळ सुरुवातीला एमिरेट्स आयडी नसतो, बँकेत खाते नसते, म्हणून चेकबुकही नसते. रीतसर करार करायचा तर या तिन्ही गोष्टी लागतात. हा मधला महिना-दीड महिना फार नाजूक. याच वेळी कोणीतरी गोड बोलून सांगतो, "आयडी नको, चेक नको, रोख द्या आणि उद्या राहायला या." भाडेही बाजारापेक्षा कमी सांगतो. बाजारभावापेक्षा बराच स्वस्त ताका कोणी गळ्यात मारू लागला तर जाणता व्यापारी आधी त्याची घडी उलगडून पाहतो. घराच्या बाबतीतही हीच खबरदारी हवी.

दुबई आणि शारजात वारंवार उघडकीला आलेला एक प्रकार असा : एखादी कंपनी खऱ्या मालकांकडून बऱ्याच सदनिका चेकवर भाड्याने घेते. मग त्याच सदनिका कमी भाड्यात, पण सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम घेऊन, दुसऱ्यांना देते. पहिला चेक वटतो, सर्व सुरळीत दिसते. दुसरा चेक परत जातो तोवर कंपनीचे कार्यालय बंद आणि माणसे बेपत्ता. मालक येऊन दार ठोठावतो तेव्हा राहणाऱ्याला कळते की ज्याला पैसे दिले तो मालक नव्हताच.

येथे कायदा काय म्हणतो तेही समजून घ्यावे. दुबईचा २००७ चा कायदा क्रमांक २६ हा घरमालक व भाडेकरू यांच्या संबंधांचा मुख्य कायदा. त्यात २००८ मध्ये कायदा क्रमांक ३३ ने दुरुस्ती झाली. या कायद्यानुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही. तसे झाल्यास मूळ भाडेकरू आणि पोटभाडेकरू दोघांनाही घराबाहेर काढता येते. पोटभाडेकरूला भरपाई मागायची असेल तर ती मूळ भाडेकरूकडून, मालकाकडून नव्हे. आणि मूळ भाडेकरूच पळाला असेल तर ती भरपाई कागदावरच राहते.

पैसे देण्यापूर्वीच्या तपासण्या

पहिली तपासणी मालकीची. मालकाच्या नावाचा मालकीपत्र पाहावा आणि त्यावरील नाव मालकाच्या पासपोर्टशी किंवा एमिरेट्स आयडीशी ताडून पाहावे. मालकाच्या वतीने दुसरा कोणी सही करत असेल तर त्याच्याजवळ मुखत्यारपत्र असले पाहिजे, आणि त्यात भाड्याने देण्याचा व पैसे स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे. दुबई भूमी विभागाच्या 'दुबई रेस्ट' या मोबाईल ॲपवर मालकीपत्राची खातरजमा करता येते.

दुसरी तपासणी दलालाची. दुबईत दलाली करणाऱ्याची नोंदणी रेरा या नियामक संस्थेकडे असावी लागते. त्याचे कार्ड मागावे आणि नंबर त्याच ॲपवर तपासावा. घराच्या जाहिरातीलाही परवाना लागतो. परवाना क्रमांक नसलेली जाहिरात असेल तर पुढे बोलूच नये.

तिसरी तपासणी चेकवरील नावाची. चेक मालकीपत्रावरील मालकाच्या नावेच द्यावा, 'अकाऊंट पेयी' करून. दलालाच्या नावे किंवा नाव मोकळे सोडून चेक देऊ नये. रोख द्यावीच लागली तर मालकाच्या सहीची पावती घ्यावी. तोंडी शब्दावर व्यवहार करणे ही सचोटी नव्हे, ती बेफिकिरी आहे. सगे-सोयरे मधे असले तरी कागद झालाच पाहिजे. त्याने नातेही टिकते.

चौथी आणि सर्वांत मोलाची तपासणी इजारीची. अरबीत इजारी म्हणजे 'माझे भाडे'. ही भाडेकराराची सरकारी नोंदणी होय. आधीच्या भाडेकरूची इजारी रद्द झाल्याशिवाय त्याच घराची नवी इजारी सहसा होत नाही. म्हणून "इजारी माझ्या नावे करून द्या" एवढे एकच वाक्य बोलून पाहावे. खरा मालक हो म्हणेल. लबाड माणूस "त्याची गरज नाही, खर्च वाढेल" असे म्हणू लागेल. इजारीशिवाय वीज-पाण्याचे खाते आपल्या नावे होत नाही, बायकामुलांना बोलावण्यासाठीही तीच लागते आणि तंटा झाल्यास दाद मागण्याचा आधारही तीच. अबूधाबीत या नोंदणीला 'तौसीक' म्हणतात, तर शारजात करार नगरपालिकेकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो.

बेडस्पेस घेताना

कमी पगाराच्या मुलांना संपूर्ण घर परवडत नाही. ते खोलीतील एक पलंग, म्हणजे बेडस्पेस घेतात. त्यातही काळजी हवी. ज्याच्या नावे घर आहे त्याला मालकाची लेखी परवानगी आहे का, हे विचारावे. २०२२ पासून घरात राहणाऱ्या सर्वांची नावे भूमी विभागाकडे नोंदवणे आवश्यक आहे. आपले नाव नोंदवले गेले आहे याची खात्री करावी. परवानगीशिवाय लाकडी भिंती घालून पाडलेल्या खोल्यांपासून तर दूरच राहावे. जून २०२५ मध्ये अल रिग्गा, अल मुरक्कबात, सतवा, अल बरशा आणि अल रफ्फा या भागांत अशा खोल्यांविरुद्ध नगरपालिकेने मोहीम उघडली आणि अनेकांना घाईने जागा शोधावी लागली. आग लागली तर अशा खोल्यांतून बाहेर पडणेही कठीण. बेडस्पेसचे पैसे महिन्यापुरतेच द्यावेत, कोणी सहा महिन्यांचे आगाऊ मागितले तर नमस्कार करून निघावे.

करारात काय पाहावे

दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, पण करारात वेगळे ठरवता येते. ते कलम वाचावे. आखातातील नोकरी कधी सुटेल सांगता येत नाही. मुदतीपूर्वी घर सोडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, म्हणून किती दिवसांची सूचना आणि किती महिन्यांचे भाडे दंड, हे आधीच लिहून घ्यावे. चावी घेताना भिंती, नळ, वातानुकूलन यंत्र यांचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी येत नाही, आणि अनामत परत मिळवताना हेच फोटो उपयोगी पडतात.

पुढच्या तारखांच्या चेकची तारीख विसरू नये. २ जानेवारी २०२२ पासून पैसे नसल्याने परत गेलेल्या चेकसाठी पूर्वीसारखा सरसकट फौजदारी खटला होत नाही. तथापि चेकधारकाला थेट वसुलीची कारवाई करता येते, आणि बदनियतीने दिलेला चेक आजही गुन्हाच आहे.

राहू लागल्यावरचे हक्क

भाडे किंवा अटी बदलायच्या असतील तर, करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास, मुदत संपण्यापूर्वी किमान ९० दिवस सूचना द्यावी लागते. वाढ किती, हे २०१३ च्या फर्मान क्रमांक ४३ ने ठरवले आहे. आपले भाडे बाजारातील सरासरीपेक्षा १० टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ शून्य. ११ ते २० टक्के कमी असल्यास ५ टक्के, २१ ते ३० असल्यास १०, ३१ ते ४० असल्यास १५ आणि त्याहून कमी असल्यास जास्तीत जास्त २० टक्के. सरासरी किती ते भूमी विभागाच्या भाडे निर्देशांकावर कोणालाही पाहता येते.

मुदत संपल्यावर स्वतःच्या राहण्यासाठी किंवा विक्रीसाठी घर हवे असेल तर मालकाने १२ महिन्यांची सूचना नोटरीमार्फत किंवा नोंदणीकृत टपालाने द्यावी लागते. फोनवर "पुढच्या महिन्यात खाली करा" म्हणणे ही सूचना नव्हे. घर विकले गेले तरी चालू करार नव्या मालकावर बंधनकारक असतो. मालकाला वीज-पाणी तोडता येत नाही. तोडल्यास पोलीस ठाण्यात नोंद करावी. तंटा मिटत नसेल तर भाडे तंटा निवारण केंद्रात अर्ज करता येतो. त्याची फी सर्वसाधारणपणे वार्षिक भाड्याच्या ३.५ टक्के, किमान ५०० दिरहम आहे. भारतीय वकिलातीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रातही मार्गदर्शन मिळते.

निघण्यापूर्वी

भारतातून कोणाच्याही खात्यावर घरासाठी पैसे पाठवू नयेत, फोटो कितीही देखणे असोत. राहण्याची सोय कंपनी करणार असेल तर तसे नोकरीच्या पत्रात लिहून घ्यावे. नसेल तर पहिला महिना नातेवाईकाकडे किंवा परवानाधारक हॉटेल अपार्टमेंटमध्ये काढावा. तो थोडा महाग पडेल. पण त्या महिन्यात आयडी येतो, बँकेत खाते उघडते, गल्ल्या माहीत होतात आणि माणसांची पारख होते. त्यानंतरच वर्षाच्या करारावर सही करावी, आणि कराराची व चेकची एक-एक प्रत वतनात वडिलांकडे किंवा थोरल्या भावाकडे पाठवून ठेवावी.