चार दिवसांची कमान आणि वारा

भाद्रपदात गणपती आणि आश्विनात नवरात्र आले की अकोल्यात व अमरावतीत रस्तोरस्ती मंडप आणि स्वागतकमानी उभ्या राहतात. बांबू, दोरी आणि कापड एवढ्यावर राजवाड्याचा थाट! ही हौस जुनी आणि जगभरची आहे. १६३५ साली अँटवर्प शहरात नव्या राज्यपालाच्या स्वागतासाठी रुबेन्स या चित्रकाराने लाकूड व रंगवलेल्या कापडाच्या भव्य कमानी योजल्या होत्या. १७४९ मध्ये लंडनला आतषबाजीसाठी उभारलेल्या लाकडी महालाचा एक भाग त्याच आतषबाजीत जळाला.

आपल्या कमानीचा मोठा शत्रू मात्र वारा. अमरावतीच्या परकोटाचे जवाहर गेट स्वतःच्या वजनामुळे वाऱ्याला दाद देत नाही. कापडी कमान हलकी, पण तिचा पृष्ठभाग मोठा. म्हणजे जणू जमिनीत रोवलेले शिडच! वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५ मीटर लांब व २ मीटर रुंद फलक घ्या. ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात त्यावर ढोबळमानाने ६० किलोग्रॅम वजनाइतके बल पडते. परतीच्या पावसाच्या वावटळीत वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर झाला, तर बल चौपट, २४० किलोग्रॅम वजनाइतके होते! शिवाय फलक जितका उंच, तितके कमान उलथवणारे बलाचे परिबल जास्त.

मग उपाय काय? एक प्रयोग करा. चार पट्ट्यांची टोके प्रत्येकी एकेका टाचणीने जोडून चौकट बनवा. कोपरा दाबताच ती कलंडते. आता कर्णावर पाचवी पट्टी जोडा. चौकट ताठ! कारण त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. म्हणूनच जाणता कारागीर उभ्या-आडव्या बांबूंना तिरपे बांबू बांधतो आणि पुढे-मागे दोरांचे ताण देतो. हे ताण जमिनीशी दूरवर बांधले, तर कमान अधिक भक्कम राहते.

आणखी एक गोष्ट. ओला बांबू वाळला की आकसतो आणि गाठी सैल पडतात. त्यामुळे पहिल्या दिवशीची घट्ट कमान पाचव्या दिवशीही घट्टच असेल, असे नाही. गाठी रोज तपासाव्यात, आणि वादळाची चिन्हे दिसताच आधी कापड उतरवावे. सांगाडा उघडा पडला की वाऱ्याला धरायला फारसे काही उरत नाही.

यंदा तुमच्या गल्लीतील कमानीकडे पाहा. तिच्यात त्रिकोण किती आहेत, ते मोजा. एकही नसेल, तर मंडळाच्या मोठ्यांना अवश्य सांगा. त्या कमानीखालून शेकडो माणसे जाणार आहेत.