विभेदी वर्धकातील समतोल प्रवाह : बायसिंगच्या पद्धती

स्वस्त धान्य दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर पिशवी ठेवली की त्याखालील लोड सेल अतिसूक्ष्म प्रमाणात वाकतो आणि त्यावर चिकटवलेल्या चार स्ट्रेन गेजच्या सेतूतून विद्युत संकेत निघतो. १०० किलो क्षमतेच्या, ५ व्होल्टवर चालणाऱ्या नेहमीच्या लोड सेलमध्ये पूर्ण भाराला हा संकेत सुमारे १० मिलिव्होल्ट असतो. म्हणजे एका किलोमागे केवळ ०.१ मिलिव्होल्ट. सेतूच्या दोन्ही टोकांवर मात्र २.५ व्होल्टचा समाईक दाब कायम असतो. एका किलोच्या संकेताच्या २५ हजार पट असलेला हा दाब दुर्लक्षून केवळ दोन टोकांमधील फरक वाढविणे, हे विभेदी वर्धकाचे म्हणजेच डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायरचे कार्य होय. आजच्या काट्यांत हे काम तयार चिप करते. तत्त्व समजण्यासाठी मात्र दोन ट्रान्झिस्टरचे मूळ मंडलच पाहावे लागते.

या मंडलात दोन सारख्या ट्रान्झिस्टरचे एमिटर एकत्र जोडून त्यांतून एकच सामायिक प्रवाह नेला जातो. ॲलन ब्लूमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३६ मध्ये निर्वात नलिकांच्या अशाच रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला होता. तिला ‘लांब शेपटीची जोडी’ असे नाव पडले. शेपटीतील प्रवाह दोघांत निम्मा-निम्मा वाटला गेला तर जोडी समतोल राहते. हा समतोल नाजूक असतो. ट्रान्झिस्टरचा प्रवाह बेस-एमिटर दाबाशी घातांकी नात्याने बांधलेला असल्यामुळे केवळ १८ मिलिव्होल्टच्या वाढीने तो दुप्पट होतो, तर १ मिलिव्होल्टच्या फरकाने दोन बाजूंत सुमारे ४ टक्के तफावत पडते. शिवाय तापमान एक अंशाने वाढले की त्याच प्रवाहासाठी लागणारा हा दाब सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. दोन सुटे ट्रान्झिस्टर वापरले आणि त्यांपैकी एक दुसऱ्यापेक्षा अंशभर अधिक तापला, तर वरील काट्यावर २० किलोंची चूक होईल. काटा शून्यावर आणण्याचे बटण स्थिर चूक पुसते, नंतर सरकत जाणारी चूक नाही. म्हणूनच दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच सिलिकॉन तुकड्यावर, शेजारी-शेजारी असणे ही समतोलाची पहिली अट आहे.

दुसरी अट शेपटीतील प्रवाहाची. सर्वांत सोपी पद्धत म्हणजे एमिटरपासून ऋण पुरवठ्यापर्यंत एक रोधक जोडणे. पुरवठा अधिक-उणे १२ व्होल्ट आणि रोधक ११.३ किलोओहम असेल, तर बेस शून्य व्होल्टवर असताना एमिटर उणे ०.७ व्होल्टवर राहतो आणि १ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. प्रत्येक बाजूस ०.५. आता दोन्ही बेसवर लोड सेलचा २.५ व्होल्टचा समाईक दाब दिला की एमिटर १.८ व्होल्टवर चढतो आणि प्रवाह १.२२ मिलिअँपिअर होतो. ज्या दाबाकडे दुर्लक्ष करायचे, त्यानेच बायस २२ टक्क्यांनी हलविला. कलेक्टरमधील १० किलोओहमच्या रोधकांत १ टक्क्याचा फरक असेल, तर या हालचालीतून उत्पादित दाबात सुमारे ११ मिलिव्होल्टचा खोटा बदल उमटतो. ०.१ मिलिव्होल्टचा खरा संकेत या प्रवाहाला वाढून सुमारे २३ मिलिव्होल्ट होतो, म्हणजे जवळजवळ अर्ध्या किलोचा घोटाळा झाला. रोधक मोठा करावा तर तेवढ्याच प्रवाहासाठी पुरवठाही वाढवावा लागतो. १ मेगाओहममधून १ मिलिअँपिअर नेण्यास एक हजार व्होल्ट हवेत.

यातून मार्ग काढला तो प्रवाह-स्रोताने. करंट मिरर या रचनेत एका ट्रान्झिस्टरचे कलेक्टर व बेस जोडून त्यातून संदर्भ-प्रवाह नेतात आणि त्याच बेस दाबावर दुसरा जुळा ट्रान्झिस्टर चालवितात. तो तोच प्रवाह ‘प्रतिबिंबित’ करतो. अर्ली दाब १०० व्होल्ट धरल्यास १ मिलिअँपिअरला त्याचा उत्पादन-रोध १०० किलोओहम येतो, म्हणजे २.५ व्होल्टने प्रवाह २५ मायक्रोअँपिअरच, अर्थात २.५ टक्केच हलतो. मात्र दोन्ही बेसचा प्रवाह संदर्भातूनच जात असल्याने बीटा १०० असता प्रतिबिंब सुमारे २ टक्के कमी पडते. टेक्ट्रॉनिक्स कंपनीतील जॉर्ज विल्सन यांनी तिसरा ट्रान्झिस्टर जोडून ही त्रुटी बीटाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ०.०२ टक्क्यांपर्यंत खाली आणली. उत्पादन-रोधही ५ मेगाओहमच्या आसपास जातो. त्याची किंमत म्हणजे या मिररला चालण्यासाठी ०.९ व्होल्टच्या आसपास जागा लागते. साध्या मिररला ०.२ व्होल्ट पुरतात. कमी पुरवठ्याच्या मंडलांत ही बाब निर्णायक ठरते आणि परीक्षेत नेमकी हीच विसरली जाते.

अतिअल्प प्रवाह हवा असेल तर निराळी अडचण येते. १२ व्होल्टवरून थेट १० मायक्रोअँपिअर मिळविण्यास १ मेगाओहमहून मोठा रोधक लागेल, आणि चिपवर तेवढी जागा देणे परवडत नाही. फेअरचाइल्ड कंपनीचे बॉब विडलर यांनी मिररच्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरमध्येच छोटा रोधक घातला. १ मिलिअँपिअरच्या संदर्भातून १० मायक्रोअँपिअर हवे असता गुणोत्तर १०० होते. २६ मिलिव्होल्टला १०० च्या नैसर्गिक लॉगरिथमने, म्हणजे ४.६ ने गुणले की १२० मिलिव्होल्ट मिळतात, आणि त्याला १० मायक्रोअँपिअरने भागले की केवळ १२ किलोओहम!

१९६८ मध्ये आलेल्या ७४१ या प्रसिद्ध चिपमध्ये यांतील काही युक्त्या एकत्र दिसतात. पाठ्यपुस्तकांतील आकडेमोडीनुसार तीमधील विडलर स्रोत सुमारे १९ मायक्रोअँपिअर ठरवतो. प्रवेश जोडीचा एकूण प्रवाह एका मिररमधून फिरवून या १९ शी ताडून पाहिला जातो आणि उरलेला फरक जोडीचा बायस दुरुस्त करतो. त्यामुळे ट्रान्झिस्टरचा बीटा बदलला तरी प्रत्येक बाजूस ९.५ मायक्रोअँपिअर टिकून राहतात.

कलेक्टर रोधकांच्या जागीही मिरर वापरतात, त्यास सक्रिय भार म्हणतात. तेथे बीटाची तीच २ टक्क्यांची त्रुटी पुन्हा डोके वर काढते. दोन बाजूंत २ टक्के तफावत म्हणजे प्रवेशावर सुमारे ०.५ मिलिव्होल्ट, आणि आपल्या काट्यावर पाच किलो. ७४१ च्या भारातील मिररमध्ये बेसचा प्रवाह पुरविण्यापुरता एक जादा ट्रान्झिस्टर बसविलेला आहे, तो याच कारणाने.