दिव्याविना ट्रॅक्टर रस्त्यावर नको!

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतील रस्त्यांवर रात्र रात्र उसाच्या ट्रॉल्या धावत असतात. समोरून येणाऱ्याला ट्रॅक्टरचे दिवे दिसतात. पण मागून येणाऱ्याला काय दिसते? ट्रॉलीमागचा तांबडा दिवा बंद असेल तर काहीच नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे सरकते. अंधारातला उसाचा ढीग नजरेस पडेपर्यंत ब्रेक लावायला वेळ उरत नाही. असे अपघात आपल्या पंचक्रोशीत झालेले तुम्हीही ऐकले असतील. मागून येणारा तो स्वार परका असतो असेही नाही. कधी तो आपल्याच गावचा, आपल्याच नात्यातला असतो.

आणि दिवा बंद का असतो? बहुतेक वेळा कारण अगदी किरकोळ असते: गंजलेला जोड, सैल झालेली वायर, उडालेला फ्यूज. हे दोष शोधायला प्रत्येक वेळी मिस्त्रीकडे जायला नको. पकड, पाना, पॉलिशपेपर आणि थोडा धीर एवढे असले की पुरे.

करंटची फेरी समजून घ्या

विहिरीवरचा रहाट आठवा. त्याची माळ एका जागी जरी तुटली तरी पाणी थांबते. ट्रॅक्टरच्या विजेचेही तसेच आहे. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूज, स्विच, वायर असा बल्बपर्यंत जातो आणि तिथून ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीकडे परत येतो. या परतीच्या वाटेला ‘अर्थ’ म्हणतात. दिवा लागत नाही म्हणजे ही फेरी कुठे तरी तुटली आहे. ती कुठे तुटली एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

त्यासाठी घरीच एक चाचणी दिवा करून ठेवा. १२ व्होल्टचा, ५ वॅटचा लहान बल्ब घ्या, त्याच्या होल्डरला दोन लांब वायरी जोडा आणि एका वायरीच्या टोकाला चिमटा लावा. चिमटा ट्रॅक्टरच्या घासून स्वच्छ केलेल्या लोखंडाला लावा. दिव्याचा स्विच चालू करून दुसरे टोक आधी फ्यूजला, मग स्विचला, मग बल्बच्या होल्डरला असे क्रमाने टेकवत जा. जिथे चाचणी दिवा लागायचा थांबला, तिथे आणि त्याआधीच्या जागेच्या मधेच दोष आहे. नव्या ट्रॅक्टरवरील इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्सच्या वायरींना मात्र हा दिवा लावू नये. आणि हे काम १२ व्होल्टचे आहे, हे विसरू नका. हा दिवा पंपाच्या स्टार्टरला किंवा घरच्या विजेला चुकूनही लावू नका.

सुरुवात बॅटरीपासून

सगळेच दिवे मंद असतील किंवा एकही लागत नसेल तर आधी बॅटरीकडे पाहा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी जमली असेल तर करंट अडतो. अर्थची वायर आधी सोडा, दुसरी नंतर. बसवताना क्रम उलटा ठेवा. असे केले म्हणजे पाना चुकून सांगाड्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून टर्मिनल धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग टर्मिनल पॉलिशपेपरने घासून घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलिन लावा.

झाकणे उघडून पाहण्याची बॅटरी असेल तर आतले पाणी प्लेटांच्या वर सुमारे १० मिलिमीटर असावे. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातील क्षार प्लेटा खराब करतात. बॅटरीजवळ विडी, काडी नको. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. आम्ल अंगावर किंवा डोळ्यात उडालेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डोळ्यासाठी डॉक्टरांकडे जा.

साधा मीटर घरी असेल तर इंजिन बंद असताना बॅटरीचे व्होल्ट मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती उतरली समजा. आता इंजिन चालू करून थोडा थ्रॉटल द्या. मीटर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान गेला तर चार्जिंग ठीक आहे. तो हललाच नाही तर आधी अल्टरनेटरचा पट्टा सैल आहे का पाहा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. त्याने अल्टरनेटर निकामी होऊ शकतो.

फ्यूजच्या जागी तार? मुळीच नको!

उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी लावण्याची खोड पुष्कळांना असते. त्या वेळी दिवा लागतो हे खरे, पण फ्यूज हा राखणदार आहे. तो उडाला म्हणजे त्याने काही तरी धोका पाहिला. पुढे वायर एखाद्या कडेला घासून उघडी पडली असेल, उंदराने कुरतडली असेल. ती शोधा, दुरुस्त करा आणि तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज बसवा.

जास्त उजेडाच्या हौसेने मोठे बल्ब लावणेही असेच महागात पडते. ६० वॅटचे दोन दिवे मिळून १० अँपिअर करंट घेतात. त्यांच्या जागी १०० वॅटचे दोन लावले तर तोच करंट साडेसोळा अँपिअरच्या वर जातो आणि त्याच वायरीत जवळजवळ पावणेतीन पट उष्णता तयार होते. वायर वितळते, फ्यूज उडतो, मग तार लावली जाते आणि शेवटी आग लागते.

ट्रॉलीचे खरे दुखणे: अर्थ

ट्रॅक्टरचे दिवे नीट लागतात, ट्रॉलीचे मात्र कधी लागतात, कधी विझतात, ही तक्रार नेहमीची. पुष्कळ ट्रॉल्यांना अर्थ मिळतो तो फक्त हुकाच्या पिनमधून. तिथे गंज, चिखल आणि ग्रीस असते. रस्त्यावर हादरा बसला की संपर्क सुटतो.

याची खूण सोपी आहे. ब्रेक दाबला की मागचा दिवा मंद होतो, किंवा एका बाजूचा इंडिकेटर लावला की इतर दिवेही मिचमिचतात. अशा वेळी बल्ब बदलत बसू नका. बॅटरीच्या अर्थपासून एक लांब वायर आणून ट्रॉलीच्या दिव्याच्या लोखंडी भागाला टेकवा. दिवा उजळला तर दोष अर्थचाच. मग सॉकेटमधून ट्रॉलीसाठी अर्थची वेगळी वायर ओढा आणि रंग खरवडून तिचा जोड नट-बोल्टने पक्का करा. सॉकेटच्या पिना दर हंगामापूर्वी घासा, आणि ट्रॉली सोडल्यावर प्लग मातीत लोळू देऊ नका.

इंडिकेटर एका बाजूला फारच भरभर मिचकू लागला तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे असे समजा. एलईडी दिवे बसवल्यावर मात्र सारे ठीक असूनही असे होऊ शकते. ते करंट कमी घेतात, म्हणून त्यांना जुळणारा फ्लॅशर लावावा लागतो.

निघण्यापूर्वी दोन मिनिटे

हे काम घरातल्या कोणालाही जमेल. एकाने ट्रॅक्टरवर बसून दिवे, दोन्ही इंडिकेटर आणि ब्रेक लावावा. मुलाने किंवा मुलीने मागे उभे राहून काय लागते ते सांगावे. दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीचा दिवा पाहायचा. ऊस भरल्यावर पुन्हा एकदा पाहा, कारण लोंबणारी वाढी दिवा झाकून टाकतात. काचेवरचा चिखल पुसा.

शिवाय ट्रॉलीच्या मागे दोन्ही कडांना तांबडे रिफ्लेक्टर आणि चमकणारी पट्टी हवीच. दिवा वाटेत विझला किंवा ट्रॉली रस्त्यात बंद पडली तरी मागून येणाऱ्याच्या उजेडात ही पट्टी चमकते. बैलगाडीलाही ती लावावी.

आपला ऊस कारखान्यावर वेळेत पोचला पाहिजे, तसाच मागून येणारा माणूसही त्याच्या घरी पोचला पाहिजे. आज संध्याकाळीच ट्रॉलीच्या मागे जाऊन पाहा, तांबडा दिवा लागतो आहे ना?