सर्दी की ‘टर्की’?

मुलं नशेच्या आहारी का जातात? ‘संगत वाईट’ हे अर्धंच उत्तर. पहिला झुरका बहुधा मित्रच देतो, हे खरं. पण एकदा ओढून सोडून देणारेही असतात. अडकण्याचा धोका जास्त कुणाला? ज्याच्या घरात आधीच व्यसन आहे, जो मनातली भीती-उदासी कुणाला सांगत नाही, ज्याच्या हाती माल सहज लागतो, त्याला.

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर पन्नीवर तापवून तिचा धूर ओढतात. त्यामुळे दप्तरात काळे ओघळ पडलेली पन्नी आणि कागदाची बारीक नळी सापडली तर थबका. नशेत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. माल मिळाला नाही की नाक गळतं, जांभया येतात, अंग मोडून येतं. व्यसनी याला ‘टर्की’ म्हणतात. आई बिचारी सर्दी समजून काढा देते. एमडीचं (मेफेड्रोनचं) उलट: बाहुल्या विस्फारलेल्या, जबडा आवळलेला, रात्र रात्र झोप नाही. घरातले पैसे गायब होऊ लागणं ही बरीच उशिराची खूण.

एका खुणेवरून शिक्का मारू नका. परीक्षेच्या दिवसांतही मुलं जागतात. पण अनेक खुणा जुळल्या तर मदत घ्या.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन: १४४४६. फोन मोफत आहे.