चाकांवरचे घर : हलके म्हणजे किती हलके?

परदेशी मुलांकडे चार-सहा महिने राहून आलेली मंडळी आता आपल्या गावात गल्लोगल्ली भेटतात. तिकडच्या रस्त्यांविषयी आणि बर्फाविषयी ती पुष्कळ सांगतात. पण तिकडच्या मोटारींमागे डुलत जाणाऱ्या पांढऱ्या घरांविषयी फारसे कोणी बोलत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमचा मुक्काम अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चिरंजीवांकडे होता. त्यांनी व सूनबाईंनी असे एक घर घ्यायचे मनात आणले होते. नव्याने बाजारात आलेला, दोन माणसांपुरता, वजनाला अगदी हलका असा तो ट्रेलर होता. त्याचे रंगीत पत्रक आमच्यापुढे ठेवून चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही तीस वर्षे मुलांना तरफ शिकवलीत. बघा, हा कसा वाटतो?"

शिक्षकाला कोणी परीक्षक नेमले म्हणजे तो नाही म्हणत नाही. त्या परीक्षेत आम्ही जे पाहिले, आणि जे वेळेवर बोललो नाही, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. या घराला स्वतःचे इंजिन नसते. बहुधा एकच आस आणि दोन चाके असतात. पुढे एक लोखंडी दांडी निघते आणि ती मोटारीच्या मागच्या गोळ्यावर अडकवतात. आत बिछाना, शेगडी, हात धुण्याचे भांडे, एखादी पाण्याची टाकी. मुक्कामाला पोचले की घर सोडवून ठेवावे आणि मोटार घेऊन हिंडावे, ही त्यातली सोय.

हौस जुनी आहे. १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स या गृहस्थांनी इंग्लंडात केवळ भटकंतीसाठी असे घर बांधून घेतले. त्याचे वजन सुमारे दोन टन होते आणि ते ओढायला दोन घोडे लागत. १९३१ साली जर्मनीतील इस्नी गावच्या आरिस्ट डेथलेफ्स यांनी मोटारीमागे ओढायचे घर तयार केले, त्याचे कारण मात्र निराळे होते. त्यांचा धंदा चाबूक आणि बर्फावर घसरण्याच्या काठ्या यांचा. त्यामुळे सदा फिरती. पत्नी फ्रीडेल चित्रकार. नवरा फिरतीवर आणि बायको घरी, हे दोघांनाही नको होते. तेव्हा दोघांना बरोबर राहता यावे म्हणून घरालाच चाके लावली. पुढे नौका बांधण्यात वापरले जाणारे फायबरग्लास या कामाला आले. कॅनडातील विनिपेग येथे १९६८ साली बोलर नावाचा १३ फुटी ट्रेलर निघाला, आणि त्याच नमुन्यावरून पुढे मिनेसोटातही असे ट्रेलर होऊ लागले. साध्या मोटारीने ओढता यावे इतके घर हलके झाले ते अशा वाटेने.

आता पत्रकाकडे वळू. पत्रकात मोठ्या अक्षरांत एक वजन छापलेले होते. हे वजन कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या घराचे असते. त्याखाली बारीक अक्षरांत दुसरा आकडा असतो, तो कमाल भाराचा. म्हणजे आतल्या सर्व सामानासकट घर याहून जड होता कामा नये. या दोन आकड्यांमधली जागा हीच आपली खरी जागा. खोलीची लांबी-रुंदी त्यानंतर मोजावी.

हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल करून सांगतो. रिकामे घर ६८० किलोचे आणि मर्यादा ९०० किलोची, असे समजा. म्हणजे हाती २२० किलो राहिले. पुष्कळ वाटतात. पण थंड हवेचे यंत्र, बाहेरची कापडी पडवी, बॅटरी, भरलेला गॅसचा सिलिंडर आणि जादा चाक या वस्तू पुष्कळदा त्या रिकाम्या वजनात धरलेल्या नसतात. त्यांचे मिळून १२० किलो सहज होतात. उरले १००. पाण्याची टाकी ७५ लिटरची; पाणी लिटरला एक किलो या दराने ७५ किलो. उरले २५ किलो! विमानात एका प्रवाशाला बहुधा २३ किलोची एक बॅग नेऊ देतात. येथे दोघांचा बिछाना, कपडे, भांडी, शिधा, खुर्च्या या सर्वांना मिळून २५ किलो. सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे कुकर घेतला तर बाबांचे पांघरूण ठेवायचे!"

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. हलके घर म्हणजे कमी वजनाचे घर एवढेच नव्हे. आस, चाके आणि सांगाडा कमी ताकदीचे वापरूनही घर हलके करता येते. मग त्यात दोन माणसांचा संसार मावतो पण पेलत नाही. अमेरिकेत अशा घरावर आत किती सामान चालेल याची चिठ्ठी लावण्याचा नियम आहे. विकणाऱ्याचे बोलणे ऐकण्याआधी ती चिठ्ठी वाचावी.

विकत घेण्याआधी तसलाच ट्रेलर चार दिवस भाड्याने घ्यावा असे ठरले, आणि आम्ही चौघे सुपीरियर सरोवराच्या उत्तर किनाऱ्याकडे, गूजबेरी धबधब्याच्या उद्यानाकडे निघालो. त्या दोघांनी ट्रेलरात राहावे आणि आम्ही उभयतांनी जवळच खोली घ्यावी असा बेत होता. सामान भरताना चिरंजीवांनी बर्फाची पेटी, पाण्याचे डबे, घडीच्या खुर्च्या सर्व मागल्या दाराशी रचले. उतरवायला सोपे म्हणून. पाण्याची टाकीही मागच्या पलंगाखालीच होती. आम्ही ते पाहिले. बोलावे असे वाटले. पण मुलगा कर्ता झाला, पाहुण्याने किती बोलावे, म्हणून गप्प बसलो.

डुलूथ शहराच्या अलीकडे रस्ता एका मोठ्या उताराने खाली येतो आणि समोर सरोवर पसरलेले दिसते. ते पाहात असतानाच शेजारून एक अवजड ट्रक वेगाने गेला. त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि मागचे घर शेपटीसारखे हलू लागले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि प्रत्येक खेपेस अधिक. मोटारही तिच्याबरोबर ओढली जाऊ लागली. चिरंजीवांनी ब्रेक जोराने दाबला नाही, हे आमचे भाग्य. त्यांनी चाक सरळ धरले, वेग देणारा पाय उचलला, आणि गती उतरताच घर शांत झाले. सारा प्रकार दहा सेकंदांचा असेल. पण आमच्या सौ. पुढे दोन तास कोणाशी बोलल्या नाहीत.

हे असे का झाले? बैलगाडी हाकलेल्या माणसाला ते सांगावे लागणार नाही. आसाच्या मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांचा गाडीवरचा ताबा सुटतो. ट्रेलरचे तेच आहे. भाराचे केंद्र आसाच्या थोडे पुढे असावे लागते, म्हणजे दांडीचे टोक मोटारीच्या गोळ्यावर दाबून बसते. अमेरिकेतील प्रघात असा की भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी शेकडा १० ते १५ भार या टोकावर पडावा. म्हणजे ९०० किलोच्या घराला ९० ते १३५ किलो. युरोपात हे प्रमाण कमी ठेवतात, पण तेथे वेगाच्या मर्यादाही कडक आहेत. जर्मनीत अशा गाडीला सामान्यतः ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. कारण हेलकावा वेगाबरोबर वाढतो. ठराविक वेगाच्या खाली तो आपोआप विरतो, वर गेले की आपोआप फुगतो.

दुसरेही एक कारण आहे. जड वस्तू दोन टोकांना ठेवल्या तर तोल बरोबर असूनही धोका राहतो. खांद्यावरची भरली कावड एकदा फिरू लागली की चटकन आवरत नाही, तसे ते होते. म्हणून जड सामान आसाच्या आसपास आणि खाली जमिनीलगत ठेवावे. टोकांना आणि वरच्या फळीवर हलके.

मुक्कामी पोचल्यावर आम्ही आता बोलायचे ठरवले. सर्व सामान काढून पुन्हा रचले, टाकीतले निम्मे पाणी सोडून दिले. परतल्यावर चिरंजीवांनी घरातला वजन करायचा काटा आणून दांडीच्या टोकाखाली ठेवला. एवढ्या लहान ट्रेलरला तो पुरतो. आधीच्या रचनेत आणि नंतरच्या रचनेत टोकावर किती भार पडतो हे दोन्ही वेळा मोजून पाहिले, आणि उत्तर आपोआप मिळाले. सबंध वजन मोठ्या रस्त्यांवरच्या ट्रकच्या थांब्यांवर थोड्या पैशांत करून मिळते. हा टोकावरचा भार मोटारीच्या डोक्यावर पडतो हेही विसरू नये. मोटारीत चार माणसे आणि मागे सामान असेल तर तिची स्वतःची भारमर्यादा आधी संपते.

आता घराच्या आतली परीक्षा. दोन माणसे बंद जागेत रात्रभर झोपली की त्यांच्या श्वासातून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत मिसळते, आणि बाहेर थंडी असेल तर ते भिंतीवर जमते. पहिल्या सकाळी सूनबाईंच्या उशाकडची गादी ओली होती. त्यांना वाटले, छत गळते आहे. छत चांगले होते. खिडक्या घट्ट लावल्या होत्या. दोन बोटे खिडकी आणि छतातली झडप उघडी ठेवल्यावर दुसऱ्या रात्री गादी कोरडी राहिली. खरी गळती निराळी, आणि ती फार वाईट. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेल्या घराला सांधे पुष्कळ. एका सांध्यातून पाणी शिरले की आतले लाकूड कुजते आणि बाहेरून कळत नाही. फायबरग्लासची दोन अर्धुके जोडून केलेल्या घराला सांधे कमी, पण खिडक्या आणि झडपा तेथेही असतातच. कपाटांच्या कोपऱ्यांत हात घालून पाहावे, वास घ्यावा.

थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून झोपणे तर केव्हाही करू नये. बंद जागेत जळणाऱ्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने झोपलेली माणसे जागी होत नाहीत. त्याची सूचना देणारे यंत्र चालू आहे ना, हे प्रत्येक मुक्कामी पाहावे. प्रोपेन गॅस हवेहून जड असतो आणि जमिनीशी साचतो. म्हणून त्याची सूचना देणारे यंत्र खाली बसवलेले असावे.

राहिला प्रश्न दोघांचा. दुकानात माणसे आत डोकावतात, बाई पडद्यांचे कौतुक करते, पुरुष चाकांना लाथ मारून पाहतो, आणि सौदा होतो. आमचे सांगणे असे की दोघांनी दार लावून अर्धा तास आत बसावे. एकाने चहा करण्याचे नाटक करावे, दुसऱ्याने त्याच वेळी बूट चढवावेत. बिछाना आडवा असेल तर भिंतीकडच्या माणसाने रात्री उठून दाखवावे. दुसऱ्याला ओलांडल्याशिवाय उठता येत नसेल तर चाळिशीनंतर ते जड जाते. जेवणाच्या मेजाचाच पलंग करावयाचा असेल तर तो एकदा करावा आणि पुन्हा मोडावा. रोज दोनदा ते करणार आहोत हे ध्यानी घेऊन. पाऊस पडतो आहे आणि दोघांना दिवसभर आतच बसायचे आहे, अशी कल्पना करावी. गूजबेरीला तिसऱ्या दिवशी पाऊस पडलाच. दोघे दिवसभर पत्ते खेळले, एकदा भांडले आणि संध्याकाळी खिचडी करून आम्हांला बोलावणे पाठवले. चौघांना बसायला जागा नव्हती. आम्ही दारात छत्री धरून जेवलो.

पत्रकातला तो ट्रेलर चिरंजीवांनी घेतला नाही. त्याहून शंभर किलो जड, पण सामानाला दुप्पट मर्यादा असलेला, टाकी आसावर बसवलेला असा एक जुना ट्रेलर त्यांनी वसंत ऋतूत घेतला. फोटो पाठवला त्यात दाराशी सूनबाई उभ्या आहेत आणि हातात कुकर आहे. चिरंजीवांनी खाली लिहिले आहे, "टोकावर शेकडा बारा. आता तरी बोला."

आपल्यापैकी ज्यांची मुले असे घर घेण्याच्या विचारात असतील त्यांनी दुरून एवढेच विचारावे : भरून वजन किती होते, टोकावर भार किती, आणि दार लावून दोघे आत बसलात का? पाहुणे आहोत म्हणून हे विचारायचे राहू देऊ नये. आम्ही एकदा राहू दिले, ते पुरे झाले.