क्लास फुकट आहे, पण येतंय कोण?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून देतोय. थोडा नीटनेटका केलाय, बाकी बोलणं तेच.

आजचा प्रश्न साधा आहे. एखाद्या वस्तीत मुलांसाठी गाणं, चित्रकला किंवा नाटक शिकवणारं केंद्र सुरू केलं, फी ठेवली नाही, दार सगळ्यांना उघडं ठेवलं. झालं का काम? ज्या मुलांसाठी ते उघडलं, ती मुलं आपोआप येतील का?

याचं उत्तर शोधायला आपण जाऊ दक्षिण अमेरिकेत, व्हेनेझुएलाची राजधानी काराकासला. साल १९७५. होसे आंतोनियो आब्रेउ नावाचे एक गृहस्थ होते, शिक्षणाने अर्थतज्ज्ञ आणि मनाने संगीतकार. त्यांनी एका गॅरेजमध्ये मुलांच्या ऑर्केस्ट्राची तालीम ठेवली. शंभर मुलं येतील म्हणून पन्नास म्युझिक स्टँड ठेवले होते. आली किती? अकरा! पण त्यांनी गॅरेजला कुलूप लावलं नाही. त्या अकरा जणांतून जे उभं राहिलं, त्याला आज जग ‘एल सिस्तेमा’ म्हणून ओळखतं.

आता एक खुलासा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. इथे ऑर्केस्ट्रा म्हणजे व्हायोलिन, चेलो, बासरी, ट्रम्पेट घेऊन बसलेली पन्नास-शंभर मुलं, जी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवतात.

हे चालतं कसं? गावोगावी केंद्रं आहेत, त्यांना ‘नुक्लेओ’ म्हणतात. शाळा सुटली की मुलं तिथे येतात आणि आठवड्यातले बरेचसे दिवस काही तास तिथेच असतात. शिकणं मोफत, वाद्यंही केंद्राचीच. अगदी लहान मुलांसाठी एक भारी युक्ती आहे, ‘कागदी ऑर्केस्ट्रा’. मुलं आणि पालक मिळून कागद-पुठ्ठ्याची व्हायोलिनं बनवतात. वाद्य धरायचं कसं, जपायचं कसं, ऑर्केस्ट्रात बसायचं कसं, हे त्यावर शिकायचं. खरं वाद्य हातात येतं ते नंतर. आणि थोडं येऊ लागलं की मोठ्यांनी लहानांना शिकवायचं.

यातला मुद्दा मोठे कलाकार घडवणं हा नव्हताच. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, शेजाऱ्याचं ऐकायचं, आपण चुकलो तर सगळ्यांचं बिघडतं हे समजायचं, यासाठी संगीत होतं. तरी कलाकार घडलेच. गुस्तावो दुदामेल २००९ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत संचालक झाले. एदिक्सन रुईस तर वयाच्या १७ व्या वर्षी बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये डबल बास वाजवायला लागला.

इथपर्यंतची गोष्ट ऐकली की टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण जरा थांबा.

२०१२ मध्ये या उपक्रमाची मोठी चाचणी सुरू झाली. १६ केंद्रं, ६ ते १४ वयाची २,९१४ मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला लगेच प्रवेश, दुसऱ्याला एक वर्षानंतर. वर्षभराने दोन्ही गटांची तुलना केली. संगीत शिकणाऱ्या मुलांचा स्वतःवरचा ताबा वाढला होता, वागण्यातल्या अडचणी कमी झाल्या होत्या. पण बुद्धीच्या चाचण्यांमध्ये किंवा इतरांशी मिळून-मिसळून वागण्यात सगळ्या मुलांचा मिळून ठोस फरक दिसला नाही. एका वर्षात एवढं दिसणंही कमी नाही, पण चमत्कार म्हणावा असंही काही नाही.

खरा धक्का पुढे आहे. ती मुलं ज्या राज्यांत राहत होती, तिथे या वयाच्या मुलांमध्ये गरिबीचं प्रमाण सुमारे ४६ टक्के होतं. आणि प्रवेश मिळालेल्या मुलांमध्ये? जेमतेम १७ टक्के! म्हणजे जो उपक्रम गरीब मुलांसाठी म्हणून जगभर गाजला, त्याच्या रांगेत सर्वांत गरीब मुलं कमीच होती.

असं का होत असेल? आपल्या आजूबाजूला बघा, अंदाज येईल. अर्ज भरायला आधी कुणीतरी सांगावं लागतं. संध्याकाळी चार वाजता मुलाला सोडायला घरात कुणी मोकळं लागतं. धाकट्या भावाला सांभाळणारी, पाणी भरणारी दहा वर्षांची मुलगी क्लासला येणार कधी? फी शून्य असली तरी तिच्या वेळेची किंमत शून्य नसते.

म्हणून काही लोक उलट्या बाजूने सुरुवात करतात. आपल्या गोव्यातच बघा. डॉ. लुईस डायस यांनी २००७ साली लंडनमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोच्या मुलांचं वादन ऐकलं. ‘बस्केड’ हा तिथला असाच एक उपक्रम. परत आल्यावर २००९ मध्ये त्यांनी ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ सुरू केलं. मुलं आपल्याकडे येण्याची वाट न बघता, वंचित मुलांसाठी आधीपासून काम करणाऱ्या शाळा-संस्थांमध्येच शिक्षक न्यायचे.

तुमच्यापैकी कितीतरी जण कॉलेज सांभाळून वस्तीत शिकवायला जातात, हे मला माहितेय. तर पुढच्या वेळी गेलात की हजेरीपटाकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. कोण आलंय यापेक्षा कोण आलेलं नाही, ते विचारा. मुलींची वेळ बदलून हवी आहे का? धाकट्या भावंडांना सोबत आणलं तर चालेल का? क्लास त्या शेवटच्या गल्लीतच घेता येईल का? आब्रेउंच्या त्या गॅरेजमध्ये अकरा मुलं आली, हे सगळे सांगतात. न आलेली मुलं कुठे होती, हे कुणीतरी विचारायला हवं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा!